नवरीच्या जागेवरचं पोतं

लगीनसराई आली हे मला पंचांगावरून कळत नाही, दुकानापुढच्या गतिरोधकावरून कळतं. नगर-कल्याण रस्त्यावर, पारनेरला वळायच्या अलीकडे माझं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे आणि त्याच्या बरोब्बर समोर हा गतिरोधक. वर्षभर त्याच्यावरून कांद्याचे टेम्पो जातात, एसट्या जातात, म्हशी जातात. कुणाची काही तक्रार नसते. मग चैत्र सरता सरता एखाद्या सकाळी तिथून खर्रर्र असा पत्रा खरवडल्याचा आवाज येतो. मी मान वर न करता सांगतो: लो केलेली गाडी आहे, बोनेटवर झेंडूच्या माळा आहेत, मागच्या काचेवर दोन नावं आणि मध्ये बदाम आहे, आणि आतल्या नवरदेवाला अक्कल नाही. यातलं काही आजवर चुकलेलं नाही.

यंदाही तो आवाज आला. गाडी थांबली, आतली पोरं उतरली आणि वाकून बंपरकडे बघायला लागली. मग गतिरोधकाला शिव्या, रस्त्याला शिव्या, ग्रामपंचायतीला शिव्या. ज्यानं गाडीच्या स्प्रिंगा कापल्या त्याला मात्र एकही शिवी नाही, कारण त्याच्याकडे हे आपल्या पायांनी चालत गेले होते. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. एकानं मला ओळखलं, लांबूनच हात जोडले आणि गाडीला जरा हात लावता का म्हणून विचारलं. काम करायचं नाही म्हणे, नुसता हात. हा नुसता हात कुठून आला ते सांगायचं तर मला काही वर्षांपूर्वीच्या एका सराईत जावं लागेल, आणि ती सराई आठवली की माझं डोकं अजून तापतं.

आधी गाडी लो करणं म्हणजे काय ते सांगतो, कारण ज्यांनी केलेली असते त्यांना ते माहीत नसतं. पुढचं प्रत्येक चाक दोन हातांनी धरलेलं असतं. एक खालचा जाड हात, लोअर आर्म. तो चाकाला जागेवर ठेवतो. दुसरा बारीक हात, टाय रॉड. तो स्टिअरिंगचा निरोप चाकाला पोचवतो. खड्डा आला की चाक वर जातं, खाली येतं, आणि हे दोन्ही हात एका जात्यावर बसलेल्या दोघींसारखे बरोबरीनं फिरतात. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा ही बरोबरी जुळवलेली असते. मग आमचा शहाणा येतो आणि स्प्रिंगची वेटोळी कापतो. गाडी बसते. दोन्ही हात वर उचलल्यासारखे तिरपे होतात आणि त्यांची बरोबरी मोडते. आता खड्डा आला की एक हात चाकाला एकीकडे नेतो, दुसरा दुसरीकडे, आणि चाक आपलं आपण तोंड फिरवतं. स्टिअरिंग धरणारा हललेला नसतो, गाडी मात्र वळलेली असते. याला ते स्टाइल म्हणतात.

ती सराई अश्विनीच्या लग्नाची. अश्विनी माझी भाची, थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक मुलगी. त्या वर्षी ऊन असं होतं की दुपारी पान्याला हात लावायचा तर आधी त्याच्यावर पाणी ओतावं लागे. दुकानात तापलेल्या रबराचा आणि ब्रेकच्या धुळीचा वास. तिथून पारनेरात अक्काकडे गेलं की कुरडयांच्या चिकाचा, नव्या साड्यांच्या खळीचा, ओल्या हळदीचा. माझी नखं काळी म्हणून अक्का मला कुरडईच्या सोऱ्याला शिवू देत नसे. गच्चीवर जुन्या धोतरांवर पांढऱ्या कुरडया वाळत पडलेल्या असायच्या आणि अश्विनी छत्री घेऊन कावळे हाकत बसलेली असायची, मांडीवर बीएस्सीचं पुस्तक. लग्नावर ती खूश होती. मुलगा तिनं स्वतः बघून, बोलून पसंत केला होता. मीही खूश होतो, गाडी बघेपर्यंत.

संकेत आणि त्याच्या घरचे अकोले तालुक्यातले, राजूरच्या पुढचे, भंडारदऱ्याच्या वाटेवरचे. भातशेती, पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या, चार माणसांत मान. माणसं चांगली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरंच वाईट बोलणार आहे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. आमच्या व्याह्यांचं घोडं पांढरंशुभ्र होतं आणि त्याला पाय नव्हते. साखरपुड्याला ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी उंचवट्यावर अडकलं. पाहुणे उतरले, चौघांनी मागून उचललं, तेव्हा आत आलं. ओवाळायला ताट घेऊन उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि संकेतला वाटलं कौतुकानं हसतात.

विड्याची पानं कमी पडली म्हणून तो मला शेजारी बसवून बाजारात निघाला. गावाबाहेर पाइपलाइनसाठी रस्ता खणून कसाबसा बुजवला होता. संकेतचे हात स्टिअरिंगवर अगदी निवांत, तोंडानं भातशेतीच्या गप्पा. चर आला, गाडी दबली, आणि तिनं सरळ उजवीकडे नाक काढलं. समोरून टेम्पो येत होता. त्यानं बोलणं न थांबवता सवयीनं गाडी परत आणली, जशी बाई सवयीनं पदर सावरते, आणि मला म्हणाला, "मामा, गाडी लई जिवंत हाय." मी दाराचा दांडा धरून बसलो होतो. बोटा गावावरून ब्राह्मणवाडा, कोतूळ करत संकेतच्या घरी जाणारा रस्ता माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याची वळणं, त्याच्या मोऱ्या, आणि मागच्या सीटवर शालू नेसलेली अश्विनी. ही पोर त्या दिवशी धड सासरी पोचायची असेल तर ही गाडी आधी सरळ व्हायला हवी होती.

अक्काला मी माजघरात गाठून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आपण मुलीकडचं हाय. तू त्यांच्या गाडीला नाव ठेवशील, अन् त्याचं उट्टं पोरीवर निघंल." तिचंही चूक नव्हतं. आमच्याकडे जेवणात मीठ कमी पडलं तर मुलाकडचे तीन पिढ्या बोलतात, पण मुलाकडच्या मांडवाला आग लागली तरी मुलीकडच्यांनी उजेड छान पडला म्हणायचं असतं. तरी मी संकेतला बाजूला घेऊन सगळं समजावलं. त्यानं हसून मोबाईल काढला. ज्यानं गाडी लो करून दिली त्यानं अलाइनमेंटही केलं होतं, त्या यंत्राच्या पडद्याचा फोटो. सगळे आकडे हिरवे. तेवढ्यात त्याचे वडील आले, आमचे व्याही भाऊसाहेब. त्यांनीही चष्मा लावून फोटो पाहिला आणि निर्वाळा दिला की सगळं हिरवं हाय, लालचं नाव न्हाई.

डोंबलाचं हिरवं. उभ्या गाडीचे आकडे हिरवे येणारच. गाडी सपाट लिफ्टवर उभी, आत माणूस नाही, खाली खड्डा नाही, मग चाक कशाला तोंड फिरवेल? पण आपल्याकडे उभ्या वस्तूवर भारी विश्वास. लग्न जमवतानाही आपण तेच करतो. मुलगा खुर्चीत बसलेला, मुलगी ट्रे घेऊन उभी, पत्रिका टेबलावर, आणि दोन्हीकडचे म्हातारे माना डोलावतात की सगळं जुळतंय. भार पडल्यावर काय होईल, उतारावर काय होईल, हे विचारणारा माणूस अपशकुनी. मी त्या दिवशी तसा अपशकुनी ठरत होतो आणि अक्का मला लांबून डोळे वटारत होती.

मग देण्याघेण्याची, मानपानाची बैठक बसली. कुणाला फेटा, कुणाला टोपी, वाजंत्री कुणाची, असलं दळण चाललं होतं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की इथे कुणी कशालाच का म्हणून विचारत नाही. एकानं सांगायचं आमच्यात असं असतं, की दुसऱ्यानं मान हलवायची. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्यात एक रीत हाय. ज्या गाडीतून पोरगी सासरी जाते तिला आधी मामाचा हात लागतो. गाडी मामाच्या दारात येते, त्या गाडीत बसणारी माणसं सगळी आत बसतात, आणि मामा चाकं सरळ करून देतो. त्याशिवाय पाठवणी न्हाई."

अक्काचा चेहरा पांढरा पडला. भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आसं व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं. रीत ती रीत." झालं. इतका वेळ मी लोअर आर्म आणि टाय रॉड सांगून घसा कोरडा केला तेव्हा ढिम्म हलले नव्हते. त्याहून कहर म्हणजे आमचे थोरले चुलते. त्यांचं सगळं आयुष्य आमच्याच घरात गेलं, त्यांना ही रीत ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं, पण तेही मान डोलवत म्हणाले की बरोबर हाय, माझ्या लग्नात मामानं बैलगाडीच्या आखाला वंगण लावलं व्हतं. ते खरं होतं की बैठकीत मागे राहू नये म्हणून ठोकून दिलं होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. कधीकधी वाटतं, प्रत्येक रीतीच्या मुळाशी असाच कुणीतरी वैतागलेला मामा असेल, ज्याचं कुणी नीट सांगून ऐकलं नाही.

लग्नाच्या आठवड्यात गाडी माझ्याकडे आली. मंडळी येतील त्याच्या आदल्या दिवशीच ती पाठवा म्हणून मी सांगितलं होतं. कारण विचारलं तेव्हा शुद्धीकरण म्हणालो, आणि त्यांना तेही पटलं. तो दिवस आठवला की अजून छान वाटतं. कापलेल्या स्प्रिंगा काढून बाजूला ठेवल्या आणि उघडं चाक जॅकनं वर-खाली केलं. दर वेळी ते तोंड फिरवायचं, चुकलेल्या पोरासारखं. खालचा हात चाकाला जिथे जोडला जातो तिथे पुण्याहून मागवलेले लांब मानेचे बॉल जॉइंट बसवले, म्हणजे तिरपा झालेला खालचा हात पुन्हा आडवा आला. टाय रॉडची टोकंही तेवढीच खाली घेतली, कारण एकालाच औषध दिलं तर आजार वाढतो. पुन्हा जॅक लावला. चाक वर गेलं, खाली आलं, आणि तोंड सरळ. भर दुपारी, पत्र्याखाली घामाघूम होऊन, मी त्या चाकाकडे बघत बसलो. स्प्रिंगाही कापलेल्या नव्हे, मापाच्या घातल्या. गाडी दिसायला बसकीच राहिली. नवरदेवाची हौस मोडली असती तर रीतही मोडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आली, कारण शेवटचं माप माणसं बसवून घ्यायचं होतं. रिकामी गाडी सरळ करून काय करायचं, वरातीला ती भरून जाणार. गाडी चालवणारा संकेतचा मित्र बसला, संकेत बसला, जरीचं लुगडं नेसून त्याची मावशी बसली, करवली बसली. नवरीची जागा रिकामी राहिली. लग्नाआधी नवरीनं त्या गाडीत बसायचं नाही, असं विहीणबाईंनी सांगितलं. ही त्यांच्याकडची रीत, मीही मान हलवली. मग तिच्या वजनाइतकं काहीतरी हवं. अक्काला वजन विचारलं तर तिनं सांगितलं नाही. लगीन ठरलेल्या पोरीचं वजन कुणाला सांगतात व्हय, म्हणाली. शेवटी अंदाजानं अक्काच्या घरची बाजरी पोत्यात भरली आणि पोतं नवरीच्या जागेवर ठेवलं.

मी खाली पान्यानं टाय रॉड फिरवत होतो तेव्हा वर कुजबुज ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर विहीणबाई पोत्याला हळदकुंकू लावत होत्या. मग खण-नारळ आला आणि पोत्याची ओटी भरली गेली. मावशीनं विचारलं, नाव घ्यायचं असतं का? संकेत लाजला. पोत्याशेजारी बसून लाजला. मी परत गाडीखाली गेलो, कारण माझं तोंड कुणी बघितलं असतं तर सोयरीक मोडली असती. पण आकडे भरल्या गाडीत जुळले आणि मला तेवढंच हवं होतं.

पाठवणीला मी रडलो नाही. अक्का रडली, अश्विनी रडली, बँडवाल्यानं सुद्धा डोळे पुसले. मी माझ्या जुन्या गाडीत बसून त्यांच्या मागे मागे कोतूळपर्यंत गेलो. सोडायला येतोय असं सांगितलं होतं; खरं तर गाडीची चाल बघत होतो. उन्हं उतरली होती, रस्त्याच्या कडेला करवंदाच्या जाळ्या, पुढच्या गाडीच्या रिबिनी वाऱ्यावर उडत होत्या. प्रत्येक मोरीशी मी पुढे वाकून बघायचो. गाडी दबायची, उठायची, आणि सरळ जायची. शेवटचं वळण तिनं रुळावरून गेल्यासारखं घेतलं आणि मी रस्त्याच्या कडेला थांबून ढसाढसा रडलो. एवढी माया मला त्या पोरीची आहे हे तोवर मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या सराया म्हणजे नुसता वैताग. रीत पसरली. पारनेरात पसरली, अकोल्यात पसरली, ज्यांना भाची नाही त्यांच्यात सुद्धा पसरली. दर वैशाखात गाड्या येतात, सोबत पोतं येतं, पोत्याला साडी गुंडाळलेली असते. मामा, हात लावा. मी म्हणतो, लिफ्टवर चढवा, स्प्रिंगा काढू, चाक बघू. काहीजण चढवतात, त्यांचं मी बरोबर करून देतो. बाकीच्यांना घाई असते. नुसता हात लावा, मामा, फोटो काढून घेतो. जे करायला लावण्यासाठी मी थाप मारली तेवढं सोडून यांनी सगळं उचललं. उसाचा रस फेकून चोथा चघळत बसणारी ही माणसं. मी हात लावत नाही. मग मामा लई कडक हाय म्हणतात आणि माझा मान आणखी वाढतो. कपाळ माझं.

यंदा संकेतच्या धाकट्या भावाचं, ओंकारचं लग्न होतं. त्यानंही गाडी लो केली, थोरल्याच्या गाडीपेक्षा खाली, स्प्रिंगा गॅसनं कापून. अश्विनीनं सासूला सांगितलं की गाडी मामांकडे पाठवू. सासूबाई म्हणाल्या, त्यांना कशाला एवढ्या लांब त्रास, आता आपल्याला सगळं येतं. अंगणातच उरकलं. नव्या नवरीच्या मामानं बोनेटवर हात ठेवला, बाजरीचं पोतं मागच्या सीटवर बसवलं, ओटी भरली. मला मोबाईलवर फोटो आला. पोत्याला मुंडावळ्या बांधल्या होत्या. मी फोन लावत राहिलो, पण तिकडे डीजे चालू, कोण उचलतो.

वरात परतताना राजूरच्या पुढच्या एका मोरीवर गाडी दबली आणि वळली. ओंकारच्या मित्रानं स्टिअरिंग फिरवलं नव्हतं. तो तेच सगळ्यांना शपथेवर सांगत होता आणि कुणाला त्याचा अर्थ कळत नव्हता. गाडी बांध फोडून कोरड्या भातखाचरात गेली. वेग कमी म्हणून निभावलं. नव्या नवरीला खरचटलं, बाकीच्यांना मुका मार. नव्या जावेशेजारी अश्विनी बसली होती. तिचं मनगट मोडलं.

मी पोचलो तेव्हा भाऊसाहेबांच्या ओसरीवर माणसं जमली होती. अश्विनी भिंतीला टेकून बसली होती, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मला वाटलं, आता तरी कुणी गाडीचं विचारेल. तर चर्चा चालली होती धान्याची. भाऊसाहेबांचे भाऊ ठासून सांगत होते की पोतं बाजरीचं घातलं तिथंच चुकलं. बाजरी पारनेरची. हा भाताचा मुलूख, इथं तांदळाचं पोतं पायजे व्हतं. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की पोतं ठिगळ लावलेलं होतं. तिसरा म्हणाला, मुंडावळ्या नवरीच्या आधी पोत्याला बांधल्या, ते भोवलं. माझी पोर हात मोडून समोर बसलेली आणि हे शहाणे पोती निवडत होते. मला त्या क्षणी त्या सगळ्यांची इतकी किळस आली की पाण्याचा तांब्या पुढे आला तो मी घेतला नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघून अदबीनं विचारलं, "मामा, तुमी सांगा. तांदूळ का बाजरी?"

मी तोंड उघडायच्या आत अश्विनी बोलली. आवाज चढवला नाही. "बाजरी न्हाई अन् तांदूळ न्हाई. ती रीतच न्हाई. मामांनी तवा बनवून सांगितली, कारण खरं सांगितलेलं तुमी कुणी ऐकत न्हवता. गाडीची चाकं आपोआप वळत्यात. म्हणून आपण खाचरात गेलो."

सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या की माहेरच्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडू नये, पोरी. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो असतो तर ज्या एका दोरीनं मी या गाड्या लिफ्टपर्यंत ओढत आणत होतो ती तुटणार होती. नाही म्हणालो असतो तर अश्विनी तिच्याच घरात खोटी पडणार होती, आणि सासरी एकदा खोटी ठरलेली सून पुढे आग लागली म्हणून ओरडली तरी कुणी उठत नाही. मी म्हणालो, "पोरगी खरं बोलती. रीत-बीत काही न्हाई. मी थाप मारली होती, आणि तुम्ही गिळली."

इतकं टाकून बोललो, मला वाटलं आता ताटावरून उठवतील. भाऊसाहेब उठले, माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते. "मामा," ते म्हणाले, "तुमी देवमाणूस. आमच्या घरची चूक सवताच्या अंगावर घेताय. पण आसं बोलू नका, रीतीला बट्टा लागतो." आणि ओसरीवरची सगळी मुंडकी हलली. मी हात सोडवून घेतले. यांना शिवी दिली तर आशीर्वाद म्हणून घेतात, यांच्यापुढे माणसानं करायचं तरी काय?

अश्विनी माझ्याकडे बघत होती. मग ती भिंतीला धरून उभी राहिली. संकेत आधाराला पुढे झाला, त्याला तिनं हातानंच थांबवलं. "बरं," ती म्हणाली, "रीत हाय तर हाय. मग ह्या घरात माझीबी एक रीत. ज्या गाडीत मी बसणार ती आधी मामांच्या लिफ्टवर चढंल, अन् माझ्या जागेवर पोतं बसणार न्हाई. मी बसणार." कुणी का म्हणून विचारलं नाही. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की मग ओटी दुकानातच भरायची का.

परवा अश्विनी आणि संकेत आले. संकेतचीच गाडी आधी आणली, कारण ती रोजच्या वापरातली. मध्यंतरी एका टायरवाल्यानं माझे लांब मानेचे जॉइंट झिजले म्हणून काढून साधे बसवले होते आणि संकेतनं मला विचारलंही नव्हतं. तो गाडीशेजारी उभा राहून मला मोबाईल दाखवायला लागला, तिकडच्या अलाइनमेंटचा फोटो. मी बघितला नाही. अश्विनी लिफ्टच्या फळीवरून चढून मागच्या सीटवर, आपल्या जागी बसली. गाडी दबली. पडद्यावरचे आकडे सरकायला लागले आणि थांबले तेव्हा त्यातला एकही जागेवर नव्हता. संकेत पडद्याकडे बघत राहिला. त्यानं मोबाईल खिशात घातला.

"हे मी बसल्यामुळं?" तिनं आतून विचारलं.

"तू बसल्यावर," मी म्हणालो. "तुझ्यामुळं न्हाई."

तिनं मोडका हात नीट मांडीवर घेतला आणि मान मागे टेकली. "मग मी उतरत न्हाई," ती म्हणाली. "तुमी करा तुमचं काम." संकेतनं न सांगता पाना उचलून माझ्या हातात दिला, आणि मी गाडीखाली गेलो.